गुरुवारची घरची प्रार्थना चालू ठेवू की थांबवू? (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळींचं मत हवं)

वडगावची सून

सगळ्यांना सलाम. इतके दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहायलेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही ख्रिस्ती. आमचं घर बेळगावच्या वडगावात, मागवाल्यांच्या गल्लीत. खाली पॉवरलूम, वर आम्ही. सासूबाईंच्या तरुणपणापासून दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते. चार-सहा बायका, दोन गीतं, एक अध्याय, ज्याचं जे दुखणं असेल त्यासाठी प्रार्थना आणि मग चहा. माईक नाही, पेटी नाही. खाली माग चालू असतात, त्यामुळं आमचंच गाणं आम्हाला नीट ऐकू येत नाही, रस्त्यावर कुठलं जाणार!

पलीकडच्या घरातल्या अक्का वर्षभरापासून येऊन बसतात. कन्नड घर, लिंगायत. मुलाचा अपघात झाला तेव्हापासून त्यांना रात्री झोप नाही. त्या येतात, कोपऱ्यात बसतात, कधी रडतात, चहा पिऊन जातात. आम्ही त्यांना काही विचारलेलं नाही. त्यांच्या गळ्यात लिंग आहे ते तसंच आहे.

मागच्या महिन्यात ऐन प्रार्थनेत तीन-चार पोरं जिना चढून वर आली, मोबाइलवर व्हिडिओ चालू. "इथं कुणाकुणाला बाटवायलाय?" असं थेट. अक्कांच्या तोंडासमोर मोबाइल धरला. त्या बिचाऱ्या पदर ओढून खाली गेल्या. सासूबाईंनी पोरांना चहा विचारला. त्यांनी घेतला नाही. "पुढच्या गुरुवारी बघून घेतो" म्हणून गेली.

पुढच्या गुरुवारी पोरं आली नाहीत. पण बायकाही आल्या नाहीत.

आता आमचे हे म्हणतात, थोडे दिवस बंद ठेव. सूत देणारे, साड्या उचलणारे, बॉबिन भरायला येणाऱ्या बायका, सगळी इथलीच. उद्या कुणी माल घेईना झालं तर खायचं काय? सासूबाई म्हणतात, मी मेल्यावर बंद करा. दोघांचंही मला पटतं, हाच घोळ आहे. पास्टरना विचारलं तर ते म्हणाले, प्रभूवर सोपवा. सोपवलंच आहे हो. सोपवून दार उघडं ठेवायचं की कडी घालायची, तेवढं विचारायलेय.

कृपा करून नुसती वचनं टाकू नका. वचनं घरी आहेत.

मलप्रभाकाठ

ताई, मी खानापूर तालुक्यातला, कॅथलिक. आमच्याकडं ऑक्टोबरात घरोघर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) फिरते. निम्मे पुरुष गोव्यात कामाला, घरी बायका, म्हातारी आणि पोरं, तरी कुणाच्या घरची चुकत नाही. मराठ्यांच्या दारावरनंच आम्ही गात जातो. कुणी काही बोलत नाही, कारण ही माणसं कुणाची ते सगळ्या गावाला ठाऊक.

तुमच्याकडं आलेली पोरं कुणाची, ते काढलंत का? गल्लीतली असतील तर त्यांच्या आयांशी बोला, पोरांशी नको. बाहेरची असतील तर गल्लीतल्या वडीलधाऱ्याच्या आणि गणपती मंडळाच्या अध्यक्षाच्या कानावर आधी तुम्हीच घाला, दुसऱ्या कुणाकडून जायच्या आत. वर्गणी देता ना? (मी देतो. फादरना माहीत आहे.)

वडगावची सून

देतो की. सासरे होते तेव्हापासून. पोरं गल्लीतली नव्हती, पण एकाला आमच्या माग-कामगाराचा पोरगा ओळखतो.

वाट-सत्य-जीवन

मूर्तीला वर्गणी देऊन शेजाऱ्यांची मर्जी राखायची आणि मग छळ का होतो म्हणून विचारायचं! आधी आपलं घर शुद्ध करा. प्रभूनं म्हटलंच आहे, माझ्या नावामुळं लोक तुमचा द्वेष करतील. छळ हा आशीर्वाद आहे. दार सताड उघडं ठेवा, आणि गच्चीवर स्पीकर लावा.

मलप्रभाकाठ

साहेब, तुमच्या गच्चीवर आधी लावा, मग त्या ताईंना सांगा. दुसऱ्याच्या घरी छळ आशीर्वाद असतो होय?

धागा-राखण

दोघांनीही आवरतं घ्या. वर्गणीवर जुना धागा आहे, तिकडं भांडा. कुठल्याही संघटनेचं, व्यक्तीचं किंवा चर्चचं नाव घेऊन आरोप नकोत, अशा दोन प्रतिक्रिया काढल्या आहेत.

कोर्टाची पायरी

मी वकिली करतो, बेळगावातच. ताई, तुमच्या प्रश्नातली कायद्याची बाजू आधी मोकळी करतो, म्हणजे भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही ते कळेल.

कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक आपल्याच गावात, सुवर्ण विधानसौधमध्ये, २३ डिसेंबर २०२१ रोजी विधानसभेत मंजूर झालं. २०२२च्या मे महिन्यात अध्यादेश आला, सप्टेंबरात कायदा झाला. २०२३च्या जूनमध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं, तरी त्यात काय आहे ते माहीत असलेलं बरं. त्या कायद्यात जबरदस्ती, फसवणूक, आमिष, लग्नाचं वचन अशा मार्गांनी धर्म बदलायला लावणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते पाच वर्षं. बाई, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल तर दहा वर्षांपर्यंत. स्वतःहून धर्म बदलायचा तरी तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज. आणि आमिष या शब्दाची व्याख्या बरीच लांबवर जाते. भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत फुकट शिक्षण, शिवाय देवाचा कोप होईल असं सांगणं, हे सगळं त्यात येतं.

पण घरात चार माणसांनी प्रार्थना करायला यातल्या कुठल्याही कलमानुसार परवानगी लागत नाही. शेजारीण येऊन बसली म्हणजे धर्मांतर होत नाही. उलट चाललेल्या प्रार्थनेत मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत शिक्षा. विनापरवानगी घरात घुसणं वेगळं.

तेव्हा चार गोष्टी करा. झालेल्या प्रकाराचा तारीख-वेळेसह अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि पोचपावती घ्या. तक्रार म्हणून द्यायची नसेल तर माहिती म्हणून द्या, पण कागद असू दे. जिन्याच्या खालच्या दाराला कडी असू दे, बेल वाजवून यावं. कडी घालणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. पुन्हा आले तर वाद घालू नका, ११२ला फोन करा. आणि प्रार्थनेच्या वेळी त्या अक्कांना पैसे, औषध, कपडे, काहीही देऊ नका. द्यायचंच असेल तर शेजारधर्म म्हणून इतर दिवशी, इतर शेजाऱ्यांना देता तसं.

आता थोडं वचनाकडं, ताईंची माफी मागून. प्रेषित पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं डोळे मिटून सोसलं नाही. रोमी माणसाला चौकशीवाचून फटके मारणं कायद्यात बसतं का, असं त्यानं शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, विचारलं. पुढं थेट कैसराकडं, रोमी सम्राटाकडं, दाद मागितली. दिमिष्कात तर तो टोपलीत बसून तटावरनं निसटला. तोच पौल तुरुंगात गाणीही गातो. यातलं कुठलं केव्हा, हे त्याला कळत होतं. "प्रभूवर सोपवा" म्हणणाऱ्यांनी अर्ज लिहायला बरोबर यावं, एवढंच माझं म्हणणं.

पिंटू, उद्यमबाग

वकीलकाका, बरं लिहिलंत. पण एक विचारू?

डिसेंबर २०२१मध्ये, ते विधेयक यायच्या थोडं आधी, आपल्या शहरात एका चर्चच्या आवारात माणूस तलवार घेऊन फादरांच्या अंगावर धावून आला होता. सीसीटीव्हीत सगळं दिसलं. त्या आठवड्यात आमच्या चर्चमध्ये काय चाललं होतं सांगू? नाताळच्या उपासनेत मराठी गीतं किती आणि कन्नड गीतं किती, यावर कमिटीत खुर्च्या सरकल्या. मराठीवाले म्हणाले चर्च आमच्या आज्यांनी उभं केलं, कन्नडवाले म्हणाले राज्य कुठलं आहे. मग २०२४मध्ये बोर्डावर साठ टक्के कन्नडचा नियम आला, तेव्हा तर विचारूच नका. बाहेरच्यांनी आपल्याला वेगळं मोजावं लागत नाही, आपणच मोजून देतो.

आणि दुसरं. माझ्या चुलतभावाला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, कारण १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. त्याच्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याचं पोरगं आता मागासवर्गाच्या प्रवर्ग एक मध्ये. ज्यांनी धर्म बदलला पण कागद बदलला नाही ते हुशार, ज्यांनी खरं लिहिलं ते अडकले. मग खरं बोलणाऱ्यावर देव पाठीशी असतो म्हणायचं ते कुठल्या तोंडानं? मी चर्चला जातो, सोडलं नाही. पण विश्वास म्हणजे गप्प बसणं असेल तर मला तो जमणारा नाही.

माळकरी, येळ्ळूर

राम कृष्ण हरी. मी तुमच्यातला नाही. माझी मावसबहीण लग्न करून तुमच्यात गेली, तिनं हा धागा पाठवला. चालत असेल तर बोलतो.

ताई, तुमच्या घरात घुसलेल्या पोरांचं मी समर्थन करत नाही. दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत चपलेसकट जायचं आणि बाईमाणसाच्या तोंडापुढं मोबाइल धरायचा, ही कुठली धर्मरक्षा? आमच्या गावात कुणी असं केलं तर आम्हीच कान धरू.

पण तुमच्या बाजूनं काय होतं तेही ऐका. आमच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक सभा भरते. तुमच्या जुन्या चर्चची नव्हे, कुणी नवीन. कर्णा लावून तीन-तीन तास. आमच्या देवांना सैतान म्हणतात, मोठ्यांदा, आमच्या दारात ऐकू येईल असं. आणि शेजारच्या एका म्हाताऱ्याला सांगितलं की विश्वास असेल तर साखरेच्या गोळ्या बंद कर. त्यानं केल्या. पाय काढायची वेळ आली. मग गावातल्या पोरांची डोकी फिरली तर त्यात नवल काय? ती पोरं आता शेडवाला आणि तुमची सासू यांच्यात फरक करत नाहीत, कारण फरक त्यांना कुणी दाखवलाच नाही. तो तुम्ही दाखवायला पाहिजे. तुमच्यातल्या कुणी त्या शेडवाल्याला जाऊन सांगितलं का, की बाबा हे चूक आहे? मी तरी ऐकलं नाही.

वाट-सत्य-जीवन

कर्णा सगळेच लावतात. भजन-सप्ताहाचा कर्णा दिसत नाही वाटतं?

माळकरी, येळ्ळूर

दिसतो की. त्याच्याविरुद्धही मी ग्रामसभेत बोललोय, शिव्या खाल्ल्यात.

कोर्टाची पायरी

कर्ण्याचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सगळ्यांना सारखे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. माळकरीबुवांचा मुद्दा मात्र त्याहून मोठा आहे. औषध बंद करायला लावणाऱ्याला मी तरी माझा भाऊ म्हणून वाचवायला जाणार नाही.

अक्का, रायबाग

नमस्कार. नर्स होते, आता निवृत्त. शिक्षण मिरजेत झालं. डॉक्टर वानलेसनी १८९४ साली उभं केलेलं हॉस्पिटल आमच्या अथणी-रायबागच्या माणसांना बेळगावपेक्षा जवळचं. आमच्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही चालते. भांडण कुठल्या भाषेत करायचं ते नवऱ्याच्या मूडवर.

माळकरीदादा बोलले ते खरं आहे, आणि आमच्यातल्या जुन्या माणसांना ते जास्त टोचतं. मिरजेत आम्हाला शिकवलं ते असं, की आधी जखम धू, मग प्रार्थना कर, आणि पेशंटनं मागितली तरच मोठ्यांदा कर. वॉर्डात रोज सकाळी प्रार्थना व्हायची, पण गोळी चुकवलेली कधी चालली नाही. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण लावणाऱ्यानं हॉस्पिटल बघितलेलं नसतं.

पिंटूच्या रागावर मात्र मला लिहायचंय.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हा आमच्या नदीकाठच्या माणसांना शाळांच्या इमारतींत हलवलं. वर कोयनेतून पाणी येतंय, खाली आलमट्टीतून किती सोडायलेत ते कुणाला कळेना, पाऊस थांबेना. आमच्या शाळेत सगळ्या जातींची माणसं होती, चूल एकच. पहिल्या दिवशी वेगळ्या पंगती बसल्या, चौथ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. (पाणी उतरल्यावर परत राहिलं, ते सोडा.) मी आणि आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तीन बायका जखमा धुवायला, तापाच्या पोरांना बघायला होतो. प्रार्थना आम्ही चौघी पहाटे जिन्याखाली करत होतो, पुटपुटत. एका रात्री एक म्हातारी आली, म्हणाली, तुम्ही काय म्हणता ते माझ्या म्हशीसाठी पण म्हणा. म्हटलं. म्हैस मिळाली नाही.

नंतर चर्चमध्ये साक्षी सुरू झाल्या, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते उठून सांगणं. प्रभूनं आमचं घर वाचवलं, भिंतीला तडासुद्धा नाही. मला ते ऐकवेना. कारण त्या भिंतीला लागून जे घर होतं ते पडलं होतं, आणि तेही प्रार्थना करणाऱ्याचंच होतं. तो माणूस मागच्या बाकावर बसून हे ऐकत होता. त्याचा देव काय झोपला होता? मी त्या दिवशी उभी राहून म्हटलं, साक्ष द्यायची तर पडलेल्या घरवाल्यानं द्यावी. तो उठला, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, घर गेलं, ऊस गेला, देवावर चिडलोय, पण बोलायला दुसरा कोण आहे? एवढंच बोलून बसला. मी आयुष्यात ऐकलेल्या साक्षींत ती एक लक्षात आहे.

दानीएलाच्या पुस्तकात ते तिघं भट्टीपुढं राजाला काय म्हणतात बघ, पिंटू. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढं, नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला आम्ही वाकणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" आपण रविवारी गाळतो. हबक्कूक संदेष्टाही तेच म्हणतो, अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी. दाखला मिळणार नाही, तरी. म्हणून दाखल्यासाठी भांडायचं नाही असं कुठं म्हटलंय? भांड की. देवाशी पण भांड, स्तोत्रांतली निम्मी तेवढ्यासाठीच आहेत.

ताई, तुमच्या अक्कांकडं त्या दिवसानंतर कोण गेलं का?

वडगावची सून

नाही गेले. वाटलं, आपण गेलो तर त्यांच्यावरच आणखी संशय घेतील. त्या पण खिडकी लावून घेतात.

अक्का, रायबाग

जा. बायबल नको, प्रार्थना नको. दळण, भाजी, काहीतरी निमित्त काढून दिवसाउजेडी जा, सगळ्यांना दिसेल असं. तिच्या पोराला कसं आहे विचार. ती बाई तुमच्यामुळं बदनाम झाली आणि आता एकटी पडली. गुरुवार चालू की बंद हे नंतरचं.

निपाणीचे मास्तर

उशिरा आलो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पिंटूबाळ, जुनं थोडं सांगतो, कंटाळू नकोस.

आपल्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं. पुढं ते मेथॉडिस्टांकडं आलं. इथंच १८३१ साली बाबा पदमनजी जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही बेळगावातच झाला. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती विधवांच्या हालांवरची 'यमुनापर्यटन' त्यांनी तीनच वर्षांनी, १८५७ला छापली. मुद्दा असा, की मनानं पटल्यावर पाण्यात उतरायला त्यांना काही वर्षं लागली. घर, आई-वडील, जात, सगळं डोळ्यांपुढं होतं. त्या काळात ते घाबरट होते असं मी म्हणणार नाही. आणि बाप्तिस्मा झाल्यावर ते नुसते आपल्या आत्म्याच्या तारणाचा हिशेब करत बसले नाहीत, दुसऱ्यांच्या घरातल्या विधवांचं दुःख त्यांनी लिहिलं. आपल्या मंडळीत हे नाव किती पोरांना माहीत आहे? बोर्डाच्या टक्केवारीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना विचारून बघ.

आता भाषेचं. यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना. राज्य दुसऱ्याचं, भाषा दुसऱ्याची, मन सगळं यरुशलेमकडं. त्यांना तो काय सांगतो? घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं. सीमाभागातल्या मराठी ख्रिस्ती माणसाला याहून नेमकं पत्र कुणी लिहिलेलं नाही. आपण इथं दोनदा थोडके आहोत, भाषेनं आणि धर्मानं.

पिंटू, उद्यमबाग

म्हणजे सीमालढा सोडून द्यायचा, मास्तर? गप्प बसून बागा लावायच्या?

निपाणीचे मास्तर

असं मी कधी म्हटलं? १ नोव्हेंबरला मी आजही काळी फीत लावतो. १९५६ला आम्हाला न विचारता इकडं टाकलं, ते मला पटलेलं नाही, आणि सुप्रीम कोर्टात २००४पासून दावा पडून आहे तो सुटावा असं वाटतं. पण शेजारी कन्नड पास्टर राहतात, त्यांच्या नातवाला मराठी शुद्धलेखन मीच शिकवतो आणि माझा औषधाचा डबा तेच आणून देतात. फीत लावून त्यांच्याकडं चहाला जातो. ते हसतात, "मास्तर, आज सुतक का?" म्हणतात. पटत नाही म्हणून बोलणं सोडायचं नाही, एवढं एक जमलं तरी पुष्कळ झालं.

मलप्रभाकाठ

१ नोव्हेंबरचं मजेशीर आहे. आमचा तो सर्व संतांचा सण. एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडं काळ्या दिनाची सायकल फेरी, मध्ये आम्ही मिस्साला (चर्चच्या उपासनेला) निघालेले. एका वर्षी पोलिसांनी अडवून विचारलं, कुठल्या बाजूचे? माझी आई म्हणाली, संतांच्या. सोडलं बिचाऱ्यांनी.

माळकरी, येळ्ळूर

😄 आईंना माझा दंडवत.

मास्तर, तुमचं पटलं. माझ्या प्रश्नाचं मात्र कुणी बोललं नाही. शेडवाल्याला कोण सांगणार?

कोर्टाची पायरी

बरोबर पकडलंत. खरं उत्तर असं, की त्याच्यावर कुणाचा अधिकार नाही. कॅथलिकांना बिशप आहेत, बेळगावचा धर्मप्रांत १९५३पासूनचा. मेथॉडिस्टांना जिल्हा अधीक्षक आहेत. स्वतंत्र सभा मात्र ज्याच्या-त्याच्या. आम्ही बोललो तर म्हणतो, तुम्ही कोमट, अर्धवट विश्वासाचे. आणि त्याच्यावर हल्ला झाला की आम्हाला त्याच्या बाजूनं उभं राहावं लागतं, कारण मार खाणाऱ्याला आधी उचलायचं असतं, त्याचं प्रवचन नंतर तपासायचं. पण हल्ला झाल्यावर जायचं तर हल्ल्याआधी का जाऊ नये, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या ओळखीचे दोन पाळक आहेत. म्हाताऱ्याच्या पायाची गोष्ट मी त्यांच्यापुढं ठेवतो. तुम्ही बरोबर याल का?

माळकरी, येळ्ळूर

येतो. एकादशी सोडून कधीही.

वाट-सत्य-जीवन

एका हिंदू माळकऱ्याला बरोबर घेऊन प्रभूच्या सेवकाची झडती घ्यायला जाणार. धन्य.

अक्का, रायबाग

येशूनं चांगला शेजारी कोण हे सांगताना शोमरोनीच, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला माणूसच, निवडला होता, बाळा. याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातलीच माणसं, बाजूनं निघून गेले होते.

वडगावची सून

सगळ्यांचे आभार. सगळं वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. रायबागच्या अक्कांचं ऐकून शेजारी गेले, कोथिंबीर निवडायला घेऊन. आधी दार अर्धंच उघडलं. मग आत बोलावलं. पोराच्या पायातली सळी पुढच्या महिन्यात काढायची आहे. त्यांच्या नवऱ्यानं त्या व्हिडिओवरनं खूप बोललंय त्यांना. त्या म्हणाल्या, मी येणार नाही आता, पण तुम्ही गाता ते खिडकीतनं ऐकू येत होतं, बंद का केलंत? मला काय बोलावं सुचलं नाही.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. हे स्वतः आले बरोबर, मलाच आश्चर्य वाटलं. तिथल्या बाई बऱ्या होत्या, पोचपावती दिली, नंबर दिला. गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांनाही भेटलो. ते म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं तुमची प्रार्थना ऐकतोय, मागाच्या आवाजाचा त्रास जास्त आहे." त्या पोरांपैकी एकाच्या काकाला ते ओळखतात, बोलतो म्हणाले. बोललेत की नाही माहीत नाही.

गुरुवार चालू ठेवतोय. जिन्याला कडी घातली आहे, बेल बसवली आहे. सासूबाईंना कडी आवडलेली नाही. ह्यांना गुरुवार अजून आवडलेला नाही, पण त्या वेळेला ते खाली मागावर बसतात, बाहेर जात नाहीत. बायका किती येतात बघूया.

वकीलदादा, एक राहिलं. अक्कांच्या पोराच्या ऑपरेशनला आमच्या मंडळीतनं थोडी मदत करायची असं काही बायका म्हणायलेत. करावी का? ते आमिष होईल?

कोर्टाची पायरी

चर्चच्या नावानं नको, चर्चच्या वहीतून नको, आणि त्या कुटुंबाच्या हातात रोख नको. गल्लीतली इतर घरंही मदत करत असतील तर त्यांच्यात मिळून द्या, अध्यक्षांच्या हस्ते, हॉस्पिटलच्या बिलात थेट. एका शेजाऱ्यानं दुसऱ्याला मदत करताना एवढा विचार करावा लागतो याची चीड येते मला, पण सध्या असंच करा.

मलप्रभाकाठ

उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, हे वचन कायद्यामुळं पाळावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पिंटू, उद्यमबाग

ताई, माझे पाचशे धरा त्यात. नाव नको.

आणि मास्तर, येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे. बोर्ड, गीतं आणि नाताळ असे तीन विषय लिहून आलेत. मी चौथा घालतोय, की गुरुवारच्या घरच्या प्रार्थनांना दर आठवड्याला कमिटीतले दोघं आळीपाळीनं जाऊन बसतील, एक मराठी, एक कन्नड. त्या पोरांनी पुन्हा मोबाइल काढलाच तर व्हिडिओत बायकांच्या ऐवजी कमिटीचे टकले दिसू देत. खुर्च्या सरकल्या तर इथं येऊन लिहितो.